पागोळ्या थांबल्या का?

मॉलमधल्या बर्फाला वास नसतो. आत शिरलं की आधी नाकात जातो तो भाड्यानं मिळणाऱ्या जाकिटांचा वास, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा आणि त्यावर मारलेल्या सुगंधी फवाऱ्याचा. मग गार हवा येते, तीही आपल्या एसीसारखीच, फक्त जास्त गार. बर्फ स्वतः मात्र गप्प असतो. टपकत नाही, करकरत नाही, कुठे काळा पडत नाही.

अन्वी, ईशान, तुमच्या मंदारमामानं मला गेल्याच्या आधीच्या शनिवारी तिथे नेलं. अबू धाबीतल्या अल रीमहून दुबईपर्यंतच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना वाळू, आणि ऊन इतकं की गाडीच्या काचेला हात लावून बघितला तो लगेच मागे घेतला. "आई, तू सारखी मुलांचे बर्फातले फोटो बघतेस ना? चल, तुला खराखुरा बर्फ दाखवतो," असं तो म्हणाला होता. मी दारातच उभी राहिले तशी त्यानं कोपराला धरून हलवलं.

"यल्ला आई, चल ना. मागे रांग लागलीय."

"अरे, बघू तर दे."

मी खाली वाकले, हातमोजा काढला आणि चिमूटभर बर्फ बोटांत घेऊन चोळला.

"रवा आहे," मी म्हटलं. "बारीक रवा. बऱ्याच दिवसांचा."

"काय आहे?"

"काही नाही."

"आई, फोटो काढून घे. चव घेऊन बघू नकोस प्लीज."

तिथल्या फिलिपिनो मुलीनं लगबगीनं येऊन माझा हातमोजा परत चढवला आणि "मॅडम, व्हेरी कोल्ड, मॅडम" असं लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. तिला काय सांगणार? मी हसले आणि हात तिच्या स्वाधीन केला.

त्या बर्फाला वसंत ठाऊक नाही. बाहेर पारा कितीही चढो, आत रोज तोच दिवस असतो. मुलं घसरतात, पडतात, हसतात, आणि त्या उतारावर वर बघायची कुणाला गरज पडत नाही. मला मात्र राहून राहून वर बघावंसं वाटत होतं. छताला लोखंडी तुळया होत्या आणि त्यांना निळे दिवे टांगले होते. तरीही मान वर जात होती. लहानपणी लागलेली मानेची सवय अशी जात नाही.

कारण माझं लहानपण एका उताराखाली गेलं. तुमचे पणजोबा, माझे बाबा, रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर होते, आणि आम्ही हिमाचलात, एका खिंडीच्या अलीकडे, नाल्याकाठच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. लाकडी घर, पत्र्याचं उतरतं छप्पर, मधल्या खोलीत लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. तिला तिकडे बुखारी म्हणतात. तिच्याभोवती ओले लोकरी कपडे वाळत पडलेले असत. ओली लोकर, देवदाराचा धूर आणि आईनं फोडणीला टाकलेला हिंग, हे तीन वास एकत्र आले की माझ्यासाठी ते घर होतं. या तिन्हींपैकी एकही आता एकट्यानं आला तरी मी दचकते.

मराठीत बर्फाला शब्द कमी. एक बर्फ, एक हिम, फार तर गारा. तुमच्या पणजीला ते पुरेनात. ती सांगलीकडची. लग्नाआधी तिनं बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला, लाकडाच्या भुश्शात ठेवलेली लादी. एवढा सगळा बर्फ अंगणात येऊन पडल्यावर त्याला एकाच नावानं कशी हाक मारायची? म्हणून तिनं स्वयंपाकघरातून शब्द उचलले. थंडीतला कोरडा, फुंकरीनं उडणारा, तो पीठ. वाऱ्यानं लोटून दाराशी आणलेला, दाणेदार, तो रवा. खिडकीच्या चौकटीवर धरलेली पातळ चकाकी ती साय.

फाल्गुन सरत आला की ऊन वर चढायचं आणि शब्द बदलायचे. दिवसा बर्फ भिजून त्याचा साबुदाणा व्हायचा, टपोरा, सुटा, एकाला दुसऱ्याचा आधार नसलेला. रात्री आकाश मोकळं असलं की तोच साबुदाणा गोठून वरून टणक व्हायचा. चांगला जाड गोठला, माणसाचं वजन पेलायला लागला, की ती भाकरी. नुसता वरवर गोठला आणि पाय ठेवताच मोडला, तर तो पापुद्रा. नाल्याच्या पलीकडे वस्ती होती, दुकान होतं, पोस्ट होतं. पलीकडे जायची वाट समोरच्या उताराच्या पायथ्यावरून जायची, आणि तो उतार उन्हाकडे तोंड करून उभा होता. भाकरीवरून पलीकडे जायचं, पापुद्र्यावरून नाही, आणि ऊन यायच्या आत परतायचं. एवढाच आमच्या घरचा नियम.

आणि लाडू. ते माझे.

हा शब्द आईचा नाही, बाबांचा नाही, कुणाचाच नाही. समोरच्या उतारावर ऊन येऊन थोडा वेळ झाला की वरच्या एखाद्या खडकाखालून इवलासा गोळा सुटायचा. घरंगळताना ओला बर्फ अंगाला लावून घेत मोठा व्हायचा, मागे बोटानं ओढल्यासारखी रेघ सोडायचा आणि कुठेतरी थांबायचा. मग दुसरा. मग एकदम चार-पाच. मला तेव्हा सारखा खोकला असायचा, म्हणून मी खिडकीत गोधडी पांघरून बसलेली असायची. मी म्हटलं होतं, "आई, डोंगर लाडू वळतोय." आई हसत हसत खिडकीशी आली आणि तिचं हसू तिथेच थांबलं. त्यानंतर आमच्या घरात 'लाडू वळायला लागले' म्हणजे सगळ्यांनी होतं ते काम टाकून घरी यायचं. तेवढा एक शब्द त्या घराला मी दिला.

वसंतात तिथे आवाज फार. थंडीत सगळं कापसात गुंडाळल्यासारखं असतं. उन्हं वाढली की घर बोलायला लागतं. पत्र्यावरचा बर्फ दुपारी एकदम खाली येतो, धप्प, आणि ताटं थरथरतात. बर्फाखालून पाणी वाहायला लागतं, दिसत नाही, ऐकू येतं. भिंतीलगत हातभर काळी माती उघडी पडते आणि तिला असा वास येतो की आम्ही दोघी बहिणी आळीपाळीनं वाकून हुंगायचो. आई दुपारी खलबत्ता वाजवायची नाही. तिला वाटायचं, आवाजानं डोंगर सुटेल. "आवाजानं नाही गं, उन्हानं सुटतो तो," बाबा म्हणायचे. तरी आमच्याकडे वेलदोडे सकाळीच कुटले जायचे.

आणि पागोळ्या. अन्वी, छपराच्या कडेवरून थेंब थेंब गळतं ना, त्याला पागोळ्या म्हणतात. दिवसभर उन्हानं पत्र्यावरचा बर्फ वितळायचा आणि पागोळ्या गळत राहायच्या. संध्याकाळी गारठा पडला की त्यांचा वेग मंदावायचा, आणि रात्री कधीतरी त्या थांबायच्या. सकाळी कडेला काचेच्या गाजरांसारखे बर्फाचे सुळके लोंबलेले असायचे. माझी खाट खिडकीखाली, म्हणजे पागोळ्यांच्या बरोबर आतल्या बाजूला. म्हणून आई उठल्या उठल्या चहाचं आधण ठेवायच्या आधी मला विचारायची, "पागोळ्या थांबल्या का?"

मी डोळे न उघडता ऐकायची. थांबल्या असल्या की, "थांबल्या." मग आई बाबांना म्हणायची, "भाकरी झाली असेल हो." आणि रात्री ढग आले असले, हवा ऊबदार राहिली असली, तर पागोळ्या पहाटेपर्यंत टपटपतच असायच्या. त्याचा अर्थ डोंगरावरही काही गोठलेलं नाही. अशा दिवशी लाडू दिसायची वाट बघायची नाही. अशा दिवशी पहाटही दुपारच असते.

हे सगळं मला कळायचं ते अंथरुणातून. बर्फावरून चालायची ती ताई.

मालूताई, म्हणजे तुमची मालूआजी, माझ्याहून मोठी, अंगानं भरदार, कधी शिंकसुद्धा न येणारी. बाबा पहाटे भाकरी बघायला निघाले की तिला बरोबर न्यायचे. पुढे लांब काठी टोचत बाबा, मागे त्यांच्या पावलांत पाऊल टाकत ताई. मी काचेला नाक लावायची आणि माझ्याच श्वासानं ती दोघं पुसली जायची. मी काच पुसायची, ती आणखी लहान झालेली असायची. "मी?" असं विचारलं की बाबा म्हणायचे, "तू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी आमची बदली झाली. भाकरीवर बूट पडला की आवाज कसा येतो, हे मला आजही ताईनं सांगितलेलंच ठाऊक आहे. "कुरकुरीत नाही गं," ती म्हणायची, "पोकळ. रिकाम्या पेटीवर चालल्यासारखा." सांगताना असा चेहरा करायची की तिला ढकलून द्यावंसं वाटायचं.

त्या वर्षीचा पाडवा. कडुनिंब कुठला मिळायला? आईनं ओवा आणि गूळ हातावर ठेवायचं ठरवलं होतं. साखरेच्या गाठी नव्हत्या, म्हणून सुक्या जर्दाळूंची माळ ओवली होती. गुढीला बांबू नव्हता. बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून रोवतात त्या लाल-पांढऱ्या काठ्यांपैकी सगळ्यांत उंच काठी बाबांनी आणली होती. तिला आईची हिरवी साडी, वर तांब्या.

सकाळी आईनं विचारलं, "पागोळ्या थांबल्या का?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होते. "पटकन जाऊन येतो. ऊन यायच्या आत परत."

"अहो, पागोळ्या चालू आहेत. ऐकलंत ना?"

"पलीकडे कामावरची माणसं थांबलीत गं."

ताई केव्हाच अंगणात उतरून उड्या मारत होती. ती दोघं गेली. त्या दिवशी मी काच पुसत होते तेव्हा ती लहान व्हायच्या आधी बुटकी होत होती, कारण पावलागणिक गुडघ्यापर्यंत आत जात होती. नुसता पापुद्रा होता. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि ती दोघं पलीकडे पोचेपर्यंत हलली नाही. मग तिनं गुढी उभारली.

थोड्या वेळानं ढग फाटले आणि उतारावर ऊन पडलं. तांब्या असा चमकला की बघवेना. मी म्हटलं, "आई, लाडू." एक नव्हता, दोन नव्हते, सगळा उतार वळत होता. आणि त्याच वेळी पलीकडच्या घरांतून बाबा आणि ताई निघून नाल्याकडे उतरताना दिसली. नाल्याच्या आवाजात हाक पोचायची नाही. आई क्षणभर अंगणात उभी राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी काठी धरली आणि गुढी उतरवली.

गुढी कधी उतरवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? सूर्य मावळताना. नुकती उभारलेली गुढी भर सकाळी खाली घ्यायची म्हणजे काय, हे आमच्या घरात तोंडानं कुणी बोललं नसतं. पलीकडे बाबा थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ आमच्या घराकडे बघत राहिले. मग ताईचा हात धरून ते मागे वळले.

दुपारी डोंगर उतरला. आधी गोणी ओढल्यासारखा आवाज, मग गोणीच गोणी, मग आवाज म्हणून वेगळं काही राहिलंच नाही. वसंतातला बर्फ थंडीतल्यासारखा उडत नाही. तो ओला, जड, सावकाश असतो, आणि वाटेतलं सगळं अंगावर घेऊन येतो. वाट गेली, नाल्यावरचा लाकडी पूल गेला. शांत झाल्यावर हवेला देवदाराची साल सोलल्यासारखा वास यायला लागला, इतका गोड की मला भूक लागली. आई गुढीची साडी मांडीवर घेऊन तिच्या घड्या घालत बसली होती. घालत होती, मोडत होती, परत घालत होती.

त्या रात्री आकाश उघडलं, पागोळ्या थांबल्या, आणि सकाळी नाल्यावर साचून गोठलेल्या बर्फाच्या भाकरीवरून बाबा आणि ताई घरी आली. ताईच्या केसांना दुसऱ्याच घराच्या धुराचा वास होता. खिशात अक्रोड होते. पायांत नवे मोजे होते, लाल-पिवळ्या नक्षीचे, पलीकडच्या बाईनं स्वतःचे काढून दिलेले. आजूबाजूच्या क्वार्टरमधली सगळी माणसं ताईला बघायला आली. आईनं तिला जवळ घेतलं ते सोडेचना. ताई अडकली होती, ताई परत आली होती. मी नुसती घरी होते. त्या मोज्यांसारखे मोजे मी पुढे दिल्लीत, पुण्यात, अगदी इथे अबू धाबीच्या दुकानांतही शोधले. तसे मिळत नाहीत.

आता तिकडे, साता समुद्रापलीकडे, तुमच्या गावाला बर्फ आहे आणि मालूआजी आहे. तिचा मुलगा तुमच्या शेजारच्याच गल्लीत राहतो, हे माझं नशीब. तुम्ही शाळेतून आलात की ती असते. तुमच्या ओल्या बुटांचा वास तिला येतो. मला येतो तुमचा फोनमधला चौकोनी चेहरा, तोही अर्धा. ईशानचा तर नुसता कान.

मॉलमधला माझा फोटो मी पाठवला, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. तुमच्याकडे संध्याकाळ होती, माझ्या हातात पहिला चहा.

"आजी, यू लुक सो क्यूट इन दॅट जॅकेट!" अन्वी म्हणाली. "आजी, गेस व्हॉट. आज आम्ही हाइकला गेलो आणि मी स्लोपवर लाडूज पाहिले! रिअल लाडूज! मी ओरडले आणि डॅडनी सगळ्यांना टर्न बॅक केलं."

माझा चहा कपातच राहिला. "लाडू? तुला कुणी सांगितलं लाडूंचं?"

"मालूआजीनं! तिनं अ‍ॅव्हलांचची स्टोरी सांगितली. शी सॉ द लाडूज अँड शी सेव्ह्ड हर डॅड. शी पुल्ड हिज कोट."

ओढला असेलही. मी पलीकडे नव्हते. पण मी इथे सोफ्यावर बसून ऐकत होते आणि माझा शब्द माझ्या नातीच्या तोंडून माझ्याकडे आला होता, दुसऱ्या कुणाचा होऊन. तुम्ही सुखरूप परत फिरलात याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो आधी नाही, मागून आला.

मग ईशाननं पुढचं सांगितलं. पुढच्या शनिवार-रविवारी तुम्ही डोंगरातल्या केबिनमध्ये जाणार होतात आणि केबिनच्या मागेच मोठा उतार होता. तुम्ही दोघं मोठी माणसं उठायच्या आधी स्लेज घेऊन तिथे जाणार होतात.

"पहाटे?" मी विचारलं.

"अर्ली मॉर्निंग इज सेफ, आजी. लाडू नंतर येतात. मालूआजी सेड सो."

"पागोळ्या थांबल्या असल्या तरच, बाळा. रात्री गोठलं नसेल तर पहाटही—"

"पा-गो-व्हॉट?"

"छपरावरून पाणी गळतं ना, ते रात्रभर गळत राहिलं तर—"

"आजी, नो ऑफेन्स," ईशान म्हणाला, अगदी गोड आवाजात, "बट यू लिव्ह इन अ डेझर्ट."

तुमची आई केतकी मागून म्हणाली, "ईशान! असं बोलतात का आजीशी?" पण तिलाही हसू आलं होतं. मी तिला सांगितलं की तिकडे पुढचा आठवडा ढगाळ आणि ऊबदार आहे, मी बघितलंय, मुलांना उतारावर जाऊ देऊ नकोस. "हो आई, सांगते मी त्यांना," ती म्हणाली. तुमची आई माझ्या प्रत्येक गोष्टीला ज्या आवाजात हो म्हणते, त्याच आवाजात.

दिवसभर मी घर आवरत होते. मला राग आला की मी कपाट लावते. पण टॉवेलच्या घड्या घालता घालता मला स्वच्छ दिसलं की ताई खोटं सांगत नव्हती. तिनं अर्धं सांगितलं होतं, कारण तिच्याजवळ अर्धंच होतं. पहाटे ती नेहमी आधीच अंगणात असायची. ती तिथे उड्या मारत होती तेव्हा आईनं काय विचारलं आणि मी काय म्हटलं, हे तिला कसं ठाऊक असणार? तिच्या गोष्टीत लाडू होते आणि पहाट होती. पागोळ्या नव्हत्या. आणि त्या अर्ध्या गोष्टीवर भरवसा ठेवून तुम्ही दोघं पहाटे स्लेज ओढत त्या उताराखाली जाणार होतात.

मी ताईला फोन लावला.

"अगंबाई, आज कशी आठवण झाली? महिनाभर पत्ता नाही तुझा."

"ताई, मुलांना तू नाल्याची गोष्ट सांगितलीस."

"सांगितली की. काय डोळे झाले होते अन्वीचे!"

"लाडू माझे आहेत."

ती हसली. मग म्हणाली, "अगं, या वयात लाडवांवरून भांडणार आहेस?"

"नाही. पागोळ्यांचं सांगितलंस त्यांना?"

"कसल्या पागोळ्या?"

मी तिला सांगितलं. आई रोज काय विचारायची, मी काय उत्तर द्यायची, पाडव्याच्या सकाळी काय झालं. ती ऐकत होती. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट एकमेकींना सांगत आलो आणि हे तिनं पहिल्यांदा ऐकलं.

"गोधडीत बसून एवढं शहाणपण," ती शेवटी म्हणाली.

"गोधडीत होते म्हणूनच ऐकू आलं."

"मग सांग ना तूच. तुझीच नातवंडं आहेत."

"माझं ऐकत नाहीत ती." हे म्हणताना माझा आवाज नीट राहावा म्हणून मी उभी राहिले. "तुझं ऐकतात. तू सांग. तुझं म्हणून सांग. आईनं तुला विचारलं, तुला ऐकू आलं, तू नाही म्हणालीस."

"खोटं सांगू?"

"नाव तेवढं बदल. बाकीचं सगळं खरं आहे."

"अगं, पण मग ती मलाच आणखी डोक्यावर घेतील."

"घेऊ देत."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "तरी सांग. आजच सांग. आणि नुसतं सांगू नकोस, अन्वीकडून वदवून घे."

केबिनच्या त्या रविवारी माझा दिवस कसा गेला ते लिहीत नाही. मंदारनं दोनदा विचारलं, "आई, बरी आहेस ना?" खिडकीतून खाली खाडीचं पाणी दिसत होतं, गरम, सपाट, कुणाच्या अंगावर येणार नाही असं. संध्याकाळी फोनवर अन्वीचा व्हॉइस मेसेज आला.

"हाय आजी! वी आर अ‍ॅट द केबिन. मी सकाळी उठले आणि खिडकीला कान लावला आणि पागोल्या चालू होत्या, ऑल नाइट! सो नो स्लेडिंग. ईशान इज सो मॅड. वी मेड पॅनकेक्स. तो म्हणतो, नथिंग इव्हन हॅपन्ड. मालूआजी, हाऊ डज शी नो ऑल धिस? शी इज लाइक अ स्नो जीनियस."

काहीच झालं नाही. ईशान, आमच्या घरी बहुतेक वर्षी हेच व्हायचं. कुणी गेलं नाही, उतार सुटला की नाही याकडे कुणी बघितलं नाही, पोहे केले आणि खाल्ले. त्या न झालेल्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगायला काही नसतं. पण तुझी पणजी आयुष्यभर त्याच करत होती.

मी अन्वीला उत्तर दिलं, "शाब्बास. मालूआजीला बरंच येतं." अंगठा पाठवला, हसरा चेहरा पाठवला. फोन पालथा ठेवला आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा इतका हेवा केला की कानशिलं तापली. अजून करते आहे.

हे सगळं मी इंग्रजीत लिहू शकले असते. आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं. तुम्हाला एका बैठकीत वाचता आलं असतं. पण भाकरी आणि पापुद्रा यांतला फरक मला इंग्रजीत सांगता येत नाही, आणि पागोळ्यांना तिकडचा शब्द लावला की त्या माझ्या खाटेजवळच्या पागोळ्या राहत नाहीत. तुम्हा दोघांना मराठी वाचता येत नाही. तुमच्या आईला वेळ नाही. म्हणजे हे तुम्हाला वाचून दाखवायला एकच माणूस आहे, आणि आत्ता तिचा चष्मा नाकावर खाली आला असेल.

ताई, इथपर्यंत आलीस ना? मधलं काही गाळलं असशील तर मागे जा. नसशील गाळलं, तर आता पुढची ओळ मोठ्यानं वाच, दोघांना नीट ऐकू जाईल अशी.

त्या पागोळ्या ऐकणारी मी नव्हते. त्या ऐकणारी तुमची आजी होती, जी वाळवंटात राहते.